भिंतीवर काय काढायचे?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट करून लिहून दिले आहे. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द तसेच ठेवले आहेत.)



आम्हांला 'धम्म आणि कला' हा विषय देण्यात आला होता. विषय भारदस्त आहे. आम्ही दहावीला गणितात बसलेला माणूस, पुढे सगळी अक्कल गिरणीत आणि वाचनालयात गोळा केलेली. तेव्हा एवढ्या मोठ्या विषयाला हात घालण्यापेक्षा आपल्या घरातलाच प्रश्न घ्यावा असे ठरवले. तो प्रश्न आपल्या पाठीमागे उभा आहे. मागे वळून बघा. ही लांब भिंत. पावसाळ्यानंतर तिला नवे प्लास्टर झाले, पांढरा हात मारून झाला, आणि त्या दिवसापासून कमिटीत भांडण चालू आहे की या भिंतीवर काय काढायचे.

भांडण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या वस्तीतलीच एक मुलगी, चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतलेली, तिने भिंत फुकट रंगवून द्यायचे कबूल केले. रंगाचा खर्च तेवढा कमिटीचा. कमिटीने तिला सांगितले, भगवान बुद्धांच्या जीवनातले प्रसंग घे, जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंत, आणि पुढे बाबासाहेबांचे महाड आणि नागपूर. तिने मान डोलावली. पंधरा दिवसांनी ती एक मोठा कागद घेऊन आली. कागदावर फक्त पाणी होते. हिरवट, निळसर, कुठे काळपट पाणी, आणि त्यावर सकाळचा उजेड. माणूस नाही, घाट नाही, काही नाही. ती म्हणाली, "हे चवदार तळं आहे."

आमचे एक ज्येष्ठ उपासक चष्मा वर करून म्हणाले, "मला तर वाटलं भिंतीला ओल आलीय." सगळे हसले. ती हसली नाही. तिने कागद गुंडाळला, "ठीक आहे काका" म्हणाली आणि गेली. त्यानंतर तीन रविवार ती वंदनेला आली नाही. हसणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणून हे भाषण एका अर्थी आमचे तिच्याकडचे देणे आहे.

जाता जाता जिन्यात ती आम्हांला एक वाक्य बोलली होती. "काका, गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पाणी कुणी बघतच नाही." हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. चित्राने जे डोळ्यांना दिसते तेवढेच दाखवावे, का त्यातून गोष्ट सांगावी, विचार सांगावा? हा वाद आपल्या कमिटीने काढलेला नाही, जुना आहे. आम्ही पुस्तके काढून बसलो, आणि त्याआधी गिरणीतले दिवस आठवले.

आम्ही छपाई खात्यात होतो. साडीवर, चादरीवर जी फुले, वेली, बुट्टे छापतात ते आमचे काम. एका डिझाइनला पाच-सहा रंग असले तर पाच-सहा रोलर. एक रोलर केसभर सरकला की पाकळी एकीकडे आणि तिचा रंग दुसरीकडे, आणि अख्खा ताका बाद. आयुष्यभरात आम्ही किती मैल फुले छापली याचा हिशेब नाही. त्या फुलांना गोष्ट नव्हती. ती कुठली फुले हे देखील कुणी विचारत नसे, कारण तशी फुले जगात नसतातच. तरी बाजारात बाई ठेल्यापाशी उभी राहून शंभर साड्यांतून एकच उचलते आणि म्हणते, ही. का उचलली हे तिला सांगता येत नाही. म्हणजे रंग आणि आकार यांचे स्वतःचे काहीतरी बोलणे असते. ते आम्ही पोटासाठी करत होतो म्हणून त्याला कमी समजायचे कारण नाही.

आता अजिंठा. काही वर्षांपूर्वी आपल्या वस्तीची सहल गेली होती, जळगावपर्यंत रेल्वे आणि पुढे एस.टी. आपल्यापैकी निम्मे लोक त्यात होते आणि बहुतेकांना तिथली माकडे चांगली आठवतात. पण लेण्यांत काय पाहिले ते आठवून बघा. वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखा कडा, त्यात तीस लेणी. नववे आणि दहावे लेणे सर्वांत जुने, इसवी सनाच्या आधीचे. पहिले, दुसरे, सोळावे, सतरावे ही चित्रांची लेणी पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. भिंतीला आधी चिखलाचा गिलावा, त्यात भुसा, गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुना. फक्त निळा रंग दूरदेशीच्या दगडाचा, लाजवर्दाचा. रंग शिजवणाऱ्या माणसाला हे वाचताना फार बरे वाटते. सांगायचे एवढेच की ती चित्रे ध्यानातून भिंतीवर उतरलेली नाहीत. हाताला चिखल लागलेल्या माणसांनी ती काढली.

भिंतीवर सगळ्या गोष्टीच आहेत. जातके आहेत, छद्दन्त हत्ती आहे, महाकपी आहे, शिबी आहे, महाजनक आहे. दुसऱ्या लेण्यात तर चित्राजवळ जातकमालेतले श्लोकसुद्धा लिहिलेले सापडले. तेव्हा कमिटीतले आमचे ज्येष्ठ म्हणतील, झाले, अजिंठ्यानेच निकाल दिला, गोष्ट काढा.

पण थांबा. मान वर करा आणि छत बघा. छतावर काय आहे? कमळे, हंस, फळे, वेली. पहिल्या लेण्याच्या छतावर कमळांच्या तळ्यात उधळलेला हत्ती आहे. त्याला जातक नाही. तो कुणाचा पूर्वजन्म नाही. तो नुसता हत्ती आहे आणि त्याला मजा वाटते आहे. त्याच लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणे कोरली आहेत आणि चौघांत डोके एकच, कुठल्याही हरणाकडे बघा, डोके त्याचेच वाटते. याचा उपदेश काय? काही नाही. कारागिराला ते जमले आणि त्याने केले. भिक्खूसंघाने त्याला विचारले नाही की यात धम्म कुठे आहे. निदान आमच्यासारखे हसले तरी नसावेत.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती आम्हांला सर्वांत जास्त लागली. सोळाव्या लेण्यात एक चित्र आहे. त्याला सगळे 'मरणासन्न राजकन्या' म्हणतात. एक स्त्री आसनावर कलली आहे, मान खाली गेली आहे, डोळे मिटत आले आहेत, बोटे सैल पडली आहेत. एक दासी मागून आधार देते आहे, एकीने हात धरला आहे. इंग्रजांच्या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला माणसे नेमली गेली. रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी माणसाने १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षे नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे हिंदी विद्यार्थी तेरा वर्षे खपले, आणि १८८५ मध्ये लंडनला त्यांच्याही पुष्कळ नकला आगीत गेल्या. दोनदा मेहनत, दोनदा आग. असो. त्या काळात बहुतेक चित्रांच्या गोष्टी ओळखलेल्या नव्हत्या. ही राजकन्या कोण, का मरते आहे, कुणाला ठाऊक नव्हते. तरी लोक तिच्यापुढे उभे राहून गप्प होत. गोष्ट ठाऊक नाही आणि गळा भरून येतो. म्हणजे चित्राने नुसत्या दिसण्यावर, मानेच्या एका वाकण्यावर, माणसाला जिंकले.

पुढे पंडितांनी गोष्ट शोधली. ती स्त्री म्हणजे सुंदरी, बुद्धांचा सावत्र भाऊ नन्द याची पत्नी. नन्द भिक्खू झाला. त्याचा मुकुट घेऊन माणूस आला आहे. चित्रात तो आहे, आपण बघत नव्हतो. मुकुट पाहिला आणि तिला कळले की नवरा आता घरी येणार नाही. ती मरत नाहीये हो! ती जिवंत आहे आणि तिला उरलेले आयुष्य काढायचे आहे. एवढे कळल्यावर तेच चित्र, तीच मान, तीच बोटे, पण आता ते वेगळेच दिसते. आणि पुढचा विचार करा. हे चित्र कुठे काढले? भिक्खूंच्या विहारात. ज्यांनी घर सोडले त्यांच्या राहत्या जागेत, रोज डोळ्यांपुढे. घर सोडण्याची किंमत कोण भरते हे त्या चित्रकाराने तिथे मांडून ठेवले. असे धाडस आपल्या कमिटीने केले असते का, आम्हांला शंका आहे.

तेव्हा गोष्टीशिवाय चित्र चालते, हेही खरे. आणि गोष्ट कळली की तेच चित्र दुसरे होते, हेही खरे. इथे आमची गाडी काही दिवस अडली.

मग विलायतेकडे पाहिले. लंडनमध्ये व्हिसलर नावाचा अमेरिकन चित्रकार होता. त्याचे म्हणणे, चित्र म्हणजे रंगांची मांडणी, गाण्यात जशी सुरांची असते तशी. त्यात गोष्ट, उपदेश, भावना शोधू नका. त्याने रात्रीच्या आकाशात उडणाऱ्या आतषबाजीचे एक चित्र काढले, काळ्यावर सोनेरी ठिपके. रस्किन हा त्या काळचा मोठा टीकाकार. त्याने १८७७ मध्ये त्यावर असे काही लिहिले की व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८७८ मध्ये निकाल लागला. व्हिसलर जिंकला, आणि नुकसानभरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. कोर्टखर्चाने पुढच्या वर्षी त्याचे दिवाळे निघाले. गिरणी कामगारांच्या थकबाकीच्या केसेस ज्यांनी लढवल्या आहेत त्यांना असे जिंकणे नवे नाही.

पण याच माणसाने १८७१ मध्ये आपल्या म्हाताऱ्या आईचे चित्र काढले होते. काळा पोशाख, पांढरी टोपी, खुर्चीत बाजूला तोंड करून बसलेली. त्याला त्याने नाव काय दिले? 'राखाडी आणि काळ्याची मांडणी'. आईचे नाव नाही! त्याचे म्हणणे, ती माझी आई आहे याच्याशी बघणाऱ्याला काय करायचे? फ्रान्स सरकारने ते चित्र १८९१ मध्ये विकत घेतले, ते आता पॅरिसला आहे. आणि आज जगभर त्या चित्राला काय म्हणतात? 'व्हिसलरची आई'. लोकांनी त्याचे ऐकले नाही. मांडणी त्याची, आई लोकांची. आम्हांला इथे दोघेही बरोबर वाटतात. मांडणी एवढी नेटकी नसती तर लोकांना त्यात आई दिसली नसती. कॅलेंडरवर हजारो आया छापल्या जातात, त्यांच्यापुढे कोण थांबतो?

दुसरा एक चित्रकार फ्रान्सचा, कुर्बे. त्याने १८४९ मध्ये रस्त्यावर खडी फोडणारी दोन माणसे काढली. एक म्हातारा, एक पोरगा. दोघांची तोंडे दिसत नाहीत. फाटके कपडे, हातोडा, पाटी. त्यात गोष्ट नाही, देवदूत नाही, राजा नाही, कुणी कुणाला उपदेश करत नाही. जे रस्त्यावर दिसले ते काढले, आणि माणसाच्या उंचीच्या मापाने काढले, जसे तोवर राजांचे आणि संतांचे काढत. मोठ्या लोकांना राग आला. चित्र पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली, जर्मनीत नष्ट झाले, आता फक्त त्याचे फोटो आहेत. पण राग का आला? चित्राने काहीच म्हटले नव्हते. नुसते दाखवले होते. तेव्हा आमच्या लक्षात आले की 'नुसते दिसणे' हे प्रत्येकासाठी सारखे नसते. राजा दिसला तर ते नुसते दिसणे. खडी फोडणारा दिसला तर तो विचार होतो.

आणि बंधुभगिनींनो, हे आपल्याइतके कुणाला समजणार? ज्यांची सावलीसुद्धा पडू देत नव्हते, त्यांचे दिसणे हीच मोठी गोष्ट. आमच्या आजीचा एकही फोटो नाही. ती कशी दिसायची हे आम्ही आईच्या तोंडून ऐकले, नाक असे, कपाळावर गोंदण तसे. उद्या कुणी तिचे हुबेहूब चित्र काढून दिले, मागे काही नाही, खाली काही नाही, नुसता चेहरा, तर आम्ही त्याला 'यात विचार कुठे आहे' असे विचारू का?

याची दुसरी बाजूही बघा. आपल्या प्रत्येकाच्या घरात बाबासाहेब आहेत. निळा कोट, लाल टाय, हातात संविधान. त्यांचे बहुतेक फोटो काळे-पांढरे. कोटाचा तो निळा रंग चित्रकारांनी कुठून आणला? कॅमेऱ्यातून नाही. आपल्या झेंड्यातून आणला, लोकांच्या मनातून आणला. तो डोळ्यांनी पाहिलेला रंग नाही, तो विचार आहे. आणि आता तो काढून घ्या म्हटले तर कुणी काढू देणार नाही. तसेच अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातले चित्र. बुद्ध भिक्षापात्र घेऊन दारी आले आहेत, समोर यशोधरा आणि राहुल. बुद्ध प्रचंड, आणि ती दोघे त्यांच्या गुडघ्यापेक्षा थोडी वर. खरे म्हटले तर नवराबायकोच्या उंचीत एवढा फरक असतो का? ते माप डोळ्याचे नव्हेच. सात वर्षांच्या पोराला बाप केवढा वाटतो, त्याचे ते माप आहे. आमच्या समजुतीप्रमाणे सांगतो, पंडित दुसरे काही म्हणतील.

आता पाण्याकडे येतो.

आपल्या वस्तीत एक बोर्ड पेंटर होते. आता ते नाहीत. जुन्या मंडळींना ते आठवतील, दुकानांच्या पाट्या, लॉरीच्या मागची अक्षरे, आणि दरवर्षी चौदा एप्रिलला चौकात लावायचा कापडी देखावा. पुढे फ्लेक्स आला आणि त्यांचे काम गेले. फ्लेक्सवर फोटो हुबेहूब असतात, अगदी तीळसुद्धा दिसतो, आणि त्यांचे म्हणणे एकच, मी इथे आहे, मला बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छा. यालाही 'नुसते दिसणे'च म्हणायचे, पण कुर्बेवाले नव्हे. तर या पेंटरनी एका वर्षी महाडचा देखावा केला. २० मार्च १९२७. परिषदेचे लोक रांगेने तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी उचलले, तो क्षण. सगळे चित्र दोन रात्रींत झाले. माणसे, घाट, आकाश. ओंजळीतले पाणी मात्र होईना. पाळीवरून येताना आम्ही रोज बघायचो, हा गृहस्थ पुसतो आहे आणि पुन्हा काढतो आहे. चार रात्री गेल्या. आम्ही म्हणालो, "अहो, एवढंसं पाणी, लांबून कुणाला दिसणार?" ते म्हणाले, "पाणी पाण्यासारखं दिसलं नाही तर तहान कशी कळणार?"

तेव्हा आम्हांला हे वाक्य एका हट्टी कारागिराचे वाटले. आता, त्या मुलीचा कागद पाहिल्यावर, वाटते की दोघे एकच बोलत होते. पेंटरला गोष्ट सांगायची होती आणि त्यासाठी दिसणे खरे हवे होते. मुलीला दिसणे खरे काढायचे आहे, आणि तिचा भरवसा आहे की गोष्ट आपल्याजवळ आहेच.

"पण बाबासाहेबांना गाळले", हा आमच्या ज्येष्ठांचा आक्षेप आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याला उत्तर आम्हांला सांचीत मिळाले. सांचीच्या तोरणांवर बुद्धांचे सगळे जीवन कोरले आहे, पण बुद्ध नाहीत. बोधिवृक्ष आहे, खाली रिकामे आसन. चक्र आहे. पावले आहेत. पूर्वेच्या तोरणावर गृहत्यागाचा प्रसंग आहे. कंथक घोडा नगरातून निघतो, पुन्हा पुढे, पुन्हा पुढे, एकाच पट्टीत तोच घोडा अनेकदा. पाठीवर कुणी नाही. पण वर छत्र धरलेले आहे. रिकाम्या जागेवर छत्र! पट्टीच्या टोकाला दोन पावले उमटलेली, त्यांवर छत्र, सारथी छन्न पाया पडतो आहे. आणि मग घोडा परत निघतो, आता वर छत्र नाही. ज्याच्या डोक्यावर छत्र होते तो गेला, हे असे सांगितले. गाळणे वेगळे आणि जागा रिकामी ठेवणे वेगळे. तोंडाने कितीही सांगा, त्या रिकाम्या खोगिरासारखे सांगता येणार नाही. (सांचीच्याच दक्षिण तोरणावर कोरीव लेख आहे की हे काम विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी केले. कामगारांनी आपले नाव दगडात घातले, दोन हजार वर्षे टिकले. आमचे नाव गिरणीच्या हजेरीपुस्तकात होते, ते कुठे गेले कोण जाणे.)

हे सगळे जमवून आम्ही मुलीच्या बाजूने बोलायचे ठरवले होते. पण खात्री करावी म्हणून गेल्या महिन्यात रविवारच्या बालवर्गात तिचा कागद घेऊन गेलो. तिच्या आईकडून मागून आणला होता. बावीस पोरे होती. विचारले, हे काय आहे? एक म्हणाला, समुद्र. एक म्हणाली, आकाश. तिघेचौघे एकदम ओरडले, "स्विमिंग टँक!" चवदार तळे कुणीही म्हणाले नाही. मग विचारले, महाडला काय झाले? सात हात वर आले. सातांतल्या दोघांना तारीख येत होती, आणि लोकांनी नंतर ते तळे शेण-गोमूत्राने शुद्ध करून घेतले हे एकालाच ठाऊक होते.

म्हणजे आपली मुलगी म्हणते, गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ते आमच्या पिढीपुरते खरे आहे. सांचीचा घोडा रिकामा चालला, कारण बघणाऱ्याला स्वार कोण हे ठाऊक होते. बघणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो नुसता मोकाट घोडा. सुंदरीपुढे लोक गोष्ट न कळता रडले, कबूल, पण ती माणसाची मान होती. पाण्याला मान नसते.

आमच्या नागपूरला जन्मलेले मोठे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत माणूस नाही, वस्तू नाही, फक्त रंग आणि उजेड. झेन बौद्ध विचाराची त्यांना ओढ होती. अशी चित्रे आम्ही पुस्तकात पाहिली, एकदा प्रदर्शनातही पाहिली, आणि तिथल्या बाकावर आम्ही अर्धा तास बसलो, मन शांत झाले. पण ते प्रदर्शनात, जिथे आपण चित्र बघायलाच गेलो होतो. विहाराची भिंत रोजच्या येण्याजाण्याची आहे. इथे पोरे पाठ टेकून लाडू खातात.

म्हणून आम्ही तिच्याकडे गेलो. आधी हसल्याबद्दल बोललो. ती म्हणाली, "जाऊ द्या काका." मग भारहुतच्या स्तूपाचे एक चित्र दाखवले, दगडात कोरलेले. अनाथपिंडिक जेतवन विकत घेतो आहे. बैलगाडीतून नाणी उतरवली आहेत, माणसे ती जमिनीवर शेजारी शेजारी मांडताहेत, कारण जमीन झाकेल एवढे पैसे ही किंमत ठरली होती. मध्ये तो स्वतः उभा, हातात दानाचे पाणी सोडायची झारी. बुद्ध इथेही दिसत नाहीत. आणि खाली नाव कोरून ठेवले आहे की हे जेतवन आहे आणि अनाथपिंडिक ते देतो आहे. ज्याला गोष्ट येते त्याने बघावे, ज्याला येत नाही त्याने वाचून घ्यावे. आमच्या पेंटरसारखेच.

ती बराच वेळ ते बघत राहिली. तिचे बोट झारीवर होते. मग म्हणाली, "हात काढते. चेहरे नाहीत."

तर कमिटीपुढे आमचा प्रस्ताव असा. पूर्ण भिंतभर तिचे पाणी. खालच्या कडेने, लहान पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, ओंजळी. एक नाही, पुष्कळ. म्हाताऱ्या, तरण्या, बांगड्यांच्या, मागावर बोट गेलेल्या. कुणाची ओंजळ बाबासाहेबांची हे सांगायचे नाही, पण एक ओंजळ पाण्याला सगळ्यांत आधी लागलेली असेल. बुद्धांच्या जीवनातले प्रसंग या भिंतीवर येणार नाहीत, ते समोरच्या दोन खांबांवर लहान चौकटींत येतील, आमच्या ज्येष्ठांनी याला मान्यता दिली आहे, थोडे रुसून का होईना.

एका गोष्टीवर मात्र आमचे आणि तिचे अजून जमलेले नाही. आमचे म्हणणे, खाली ठळक अक्षरांत लिहावे, चवदार तळे, महाड, २० मार्च १९२७. ती म्हणते, अक्षरे आली की लोक अक्षरे वाचतात आणि पुढे जातात. आम्ही म्हणतो, ते बावीस जण विसरू नकोस. ती म्हणते, त्यांना तुम्ही सांगा ना, भिंतीवर का ढकलता? याला आमच्याकडे अजून उत्तर नाही.

परात बांधायचे काम पुढच्या शनिवारी सुरू होईल. ओंजळी काढायला तिला खरे हात हवे आहेत, फोटोवरून काढणार नाही म्हणते. तेव्हा रविवारी वंदनेनंतर ज्यांना जमेल त्यांनी अर्धा-अर्धा तास बसायला यावे. महिला मंडळाने निदान दहा हात द्यावेत. घासूनपुसून यायची गरज नाही, हात जसे असतील तसे आणा. बादली आणि पाणी आम्ही ठेवतो.

इथे थांबतो. नमो बुद्धाय. जय भीम.